नाव वाचता यावं म्हणून

पावसाळा लागला की खडकीच्या वॉर सिमेट्रीत काम वाढतं. गवत भराभर वर येतं, चिखल उडतो, दगडांवर शेवाळ धरतं. या सगळ्यातून एक गोष्ट मात्र सांभाळावीच लागते: दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला दगडावरचं नाव, हुद्दा, पलटण आणि तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य भारतात मरण पावलेल्या ज्या सैनिकांच्या कबरींची कायमची देखभाल जागच्या जागी होण्यासारखी नव्हती, त्यांच्या कबरी इथे एकत्र आणल्या गेल्या. आज त्या १,६६८ आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन त्यांची निगा राखतं.

मी गेलो त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. एका रांगेच्या टोकाला माळीमामा उकिडवे बसून वाफा साफ करत होते. प्रत्येक रांगेच्या पायथ्याशी मातीचा अरुंद पट्टा आणि त्यात बुटकी झाडं. ही झाडं शोभेची असावीत असं मला वाटलं होतं. मामा म्हणाले, "उघड्या मातीवर पाऊस पडला की चिखल उडून दगडावर बसतो. झाड असलं की थेंब पानावर पडतो. पण झाड वाढून अक्षरावर आलं, तर तेही चालत नाही." बोलता बोलता त्यांनी एक फांदी छाटली आणि तिच्यामागची शेवटची ओळ मोकळी झाली.

पुढच्या दगडावर हिरवट थर आला होता. बादलीत साधं पाणी, हातात मऊ ब्रश. आधी दगड भिजवला, मग वरच्या पलटणीच्या बिल्ल्यापासून ब्रश खाली आणला. अक्षराच्या खाचेत मळ अडकतो, तिथे हात हलका ठेवून पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरलं तर दगड पटकन उजळतो, पण वरचा थर झिजतो आणि अक्षराची धार जाते. म्हणून घाई नाही. पाणी ओघळलं, नाव वर आलं, मग वय दिसलं: बावीस. अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ. ती लिहून पाठवणाऱ्या आईवडिलांनी हा दगड कधी प्रत्यक्ष पाहिला असेल का, कोण जाणे.

अधिकारी असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. १९१७ साली फॅबियन वेअर यांच्या पुढाकाराने हे कमिशन स्थापन झालं. त्याचं तत्त्व असं की हुद्दा, वंश किंवा धर्म पाहून मृतांमध्ये भेद करायचा नाही. खडकीत रांगांमधून चालताना हे तत्त्व डोळ्यांना दिसतं, पटतं.

मग आपली माणसं कुठे आहेत? हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला जाई, त्यामुळे बहुतेकांना कबर नाही. त्यांच्या वाट्याला स्मारकावर कोरलेलं नाव तेवढं येतं. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे.

पण प्रत्येकाला नावही मिळालं नाही. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. तिथल्या कूत शहराला पडलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने आणि आजाराने खंगलेल्या त्या फौजेला २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावं लागलं. त्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं गेलं. हिंदी फौजेत मात्र अधिकाऱ्यांचीच नावं आली, आणि शिपायांची प्रत्येक पलटणीखाली फक्त संख्या. समानतेचं तत्त्व तिथे मोडलं. २०२१ साली कमिशनने चौकशी अहवाल प्रसिद्ध करून याबद्दल माफी मागितली.

साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावातही दगड आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान गेले, त्यांची ती आठवण. असे दगड साताऱ्यात आणि कोकणात अनेक गावांत आहेत. किती लढायला गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच त्यांवर लिहिलेलं असतं. गावाला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण संख्येपुढे हात जोडले, तर माणूस दिसत नाही. मला वाटतं, सन्मानाची सुरुवात नावापासून व्हायला हवी.

आणि हे काम अजून संपलेलं नाही. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मेलेल्या, किंवा सेवेतल्या जखमेने अथवा आजाराने घरी परतून मेलेल्या सैनिकाचं नाव राहून गेलं असेल, तर पुरावा देऊन ते आजही नोंदवता येतं. पुरावा अनेकदा घरातच असतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात पणजोबांचं चांदीचं पदक देवघरात पूजेला होतं. हळदीकुंकवाने त्याची कड भरली होती. ओल्या कपड्याने ती पुसली आणि भिंगाखाली धरली, तेव्हा बारीक ठशात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असं सगळं तिथे होतं. पणजोबा परत आले होते, पण ते कुठल्या पलटणीत होते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुमच्या घरात असं पदक असेल, किंवा युद्धात गेलेल्याच्या नावाची काशाची मोठी चकती असेल, तर तिला पॉलिश लावू नका, मोडीत तर मुळीच घालू नका. पदकाच्या कडेवरची किंवा चकतीवरची अक्षरं उतरवून घ्या, फोटो काढा, जुन्या पेन्शनच्या कागदांशी ताडून पाहा. कमिशनची यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. तिच्यात नाव शोधा, आणि नसेल तर लिहून कळवा. खडकीत माळीमामा परक्या मुलखातल्या मुलांची नावं रोज पुसून उजळ ठेवतात. आपल्या गावच्या मुलांची नावं शोधून काढणं, निदान एवढं तरी आपण करायलाच हवं.