वसंतातल्या सायकल शर्यती आणि आपला संघ

साकोली तालुक्यातल्या एकोडीत एप्रिलचं ऊन तापतं, तेव्हा युरोपात एकदिवसीय सायकल शर्यतींचा हंगाम ऐन भरात असतो. आपलं घड्याळ तेव्हा तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यामुळे शेवटचा थरार दिवेलागणीनंतर निवांत मोबाइलवर पाहता येतो.

फँटसी लीग खेळत पाहिलं, तर शर्यत लवकर कळू लागते. ठरावीक बजेटमध्ये सायकलपटू निवडायचे, त्यांच्या क्रमांकानुसार गुण मिळतात. तादेय पोगाचारसारखा अव्वल सायकलपटू घेतला की बजेटचा मोठा वाटा संपतो. मग खरी कसोटी स्वस्तातला, पहिल्या विसात येणारा गडी हेरण्याची, आणि त्यासाठी रस्ता वाचावा लागतो. मार्चमधली मिलान–सान रेमो जवळपास 300 किलोमीटरची. पण आपल्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट जसा गडी पारखतो, तसा इथे शेवटचा पोज्जो. चढ जेमतेम पावणेचार किलोमीटरचा, माथ्यापासून अंतिम रेषा साडेपाच किलोमीटरवर. पॅरिस–रुबेत मोठे चढच नाहीत. 50 किलोमीटरहून अधिक खडबडीत दगडी रस्ता आहे. तिथे भक्कम अंगाचाच गडी टिकतो. मॅथ्यू फान डेर पूलने ती 2023 ते 2025 सलग तीनदा जिंकली.

नेत्यासाठी तासन्‌तास वारा अंगावर घेणाऱ्या सहकाऱ्याला मात्र सहसा फारसे गुण मिळत नाहीत. हे मला खटकतं. पाहताना त्याच्याकडेही लक्ष ठेवा.

लीग मोफतचीच निवडा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या कायद्याने देशभर बंदी घातली आहे.