फुल रेंज असून नेट स्लो? मग ब्रेक कोण मारतंय?

 

आजचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. रेंजचे सगळे दांडे फुल, तरी व्हिडिओवरचं चाक गोल गोल फिरतंय. असं का?

दांड्यांचं आधी उरकून टाकू. फोन आणि टॉवर यांच्यातला सिग्नल किती जोरात आहे, एवढंच ते दांडे सांगतात. त्याच टॉवरवर आणखी किती जण लटकलेत, पुढच्या वायरीत किती गर्दी आहे, हे त्यांना कळत नाही. विसर्जनाच्या रात्री बघा, टॉवर तोच, दांडे तेच, नेट मात्र गायब. पण खरी मजा पुढे आहे. चौकात गर्दी झाली की ट्रॅफिक पोलीस आवरतो. इंटरनेटवर हा पोलीस कोण?

कुणीच नाही. माल पाठवणारा स्वतःच ब्रेक मारतो. तुम्ही फोटो पाठवत असाल तर तुमचा फोन, व्हिडिओ बघत असाल तर पलीकडचा सर्व्हर. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा पटलीच नव्हती. म्हणून जरा खोलात जाऊ.

समजा तुम्ही ३ एमबीचा फोटो पाठवला. तो अख्खा जात नाही. साधारण १,५०० बाइटचे तुकडे होतात, म्हणजे दोनेक हजार. हेच पॅकेट. प्रत्येकावर पत्ता असतो. पत्ता बघून पॅकेट पुढे ढकलायचं, हे आयपीचं काम. आयपी म्हणजे साधं पोस्ट. पोचलं तर पोचलं! वाटेतल्या राउटरपाशी पॅकेटांची रांग लागते आणि रांगेतली जागा संपली की राउटर नवीन आलेलं पॅकेट सरळ फेकून देतो, बहुतेक वेळा कुणाला न सांगता.

मग फोटो पूर्ण कसा पोचतो? टीसीपीमुळे. टीसीपी म्हणजे रजिस्टर्ड पोस्ट. तुकड्यांना क्रमांक लावायचे, पलीकडून पोचपावती घ्यायची, पावती नाही आली की तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. आणि हा कारकून फक्त दोन टोकांना बसतो. मधल्या राउटरला त्याच्या हिशेबाशी देणंघेणं नसतं.

आता इथे एक फट आहे. पावती आली नाही, म्हणजे वाटेत गर्दी असणार. आणि गर्दी आहे म्हणून मी तेच पॅकेट पुन्हा टाकतोय, म्हणजे गर्दीत अजून भर. सगळ्यांनीच असं केलं तर?

तेच झालं. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अमेरिकेतलं अर्पानेट १ जानेवारी १९८३ला टीसीपीवर आलं, आणि ऑक्टोबर १९८६मध्ये हा गोंधळ सुरू झाला. लॉरेन्स बर्कली लॅब आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली कॅम्पस, अंतर ४०० यार्ड, म्हणजे ३६५ मीटरच्या आसपास. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. चुकून ऐकलं नाहीत तुम्ही, चाळीस! सेकंदाला पाच बाइट. आजच्या युनिकोडमध्ये नुसता ‘मराठी’ हा शब्द पाठवायचा तर तीन सेकंद. चिठ्ठी लिहून पोराच्या हाती धाडली असती तर आधी पोचली असती. वायर तुटली नव्हती हं, वायर गच्च भरली होती. फक्त त्यातला बराचसा माल म्हणजे त्याच त्या पॅकेटांच्या जादा प्रती.

व्हॅन जेकबसन या लॅबमध्ये होते. ते आणि माइक कॅरल्स यांनी उपाय शोधला, १९८८मध्ये त्यावर निबंधही आला. नवी वायर, मोठं मशीन, काही नाही. फक्त टोकाच्या कॉम्प्युटरमधला टीसीपी बदलला. आधी कॉम्प्युटर सुरुवातीलाच सगळा गठ्ठा ओतायचा. आता एकच पॅकेट टाकायचं, पावती आली की दोन, मग चार, मग आठ. (आजकाल सुरुवात साधारण दहाने होते.) एका हद्दीनंतर दुप्पट करणं बंद, मग एकेकानेच वाढवायचं. आणि पॅकेट हरवलं की समजायचं पुढे जाम आहे, वेग निम्मा. अँड्रॉइड ज्यावर बेतलंय त्या लिनक्समध्ये आता जरा वेगळं सूत्र असतं, ते वेग साधारण ७० टक्क्यांवर आणतं. पण कल्पना तीच. तुमचं चाक गोल फिरतं तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं, कुणीतरी ब्रेक मारून पुन्हा हळूहळू वेग वाढवत असतं.

कॉलचं जरा वेगळं. बोलताना दोन सेकंदांपूर्वीचा हरवलेला ‘हॅलो’ आत्ता पोचून उपयोग काय? म्हणून कॉलची ॲप्स साधारणपणे यूडीपी वापरतात, म्हणजे पावतीबिवती नाही, तुकडा गेला तर गेला. म्हणून आवाज तुटतो, पण मेसेजची अक्षरं कधी गळत नाहीत. चांगली ॲप्स तरीही आपणहून आवरतात. व्हिडिओ कॉल मध्येच धुरकट होतो ना, तोच त्यांचा ब्रेक.

आता कळीचा मुद्दा. हे सगळं स्वखुशीचं आहे. ब्रेक न मारणारा प्रोग्राम लिहायला तांत्रिक अडचण काहीच नाही. आणि पळवाटा तर आपण रोज वापरतो. दहावी-बारावीच्या निकालाला दुपारी एक वाजता आपण रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश करतो. टीसीपी पॅकेट आवरेल, तुमचा अंगठा कसा आवरणार? प्रत्येक रिफ्रेश ही सर्व्हरला नवी मागणी, आणि आधीची बऱ्याचदा तिथे तशीच रांगेत. निकाल एकापेक्षा जास्त अधिकृत ठिकाणी लागतो, तिथे बघा.

दुसरी पळवाट म्हणजे ‘सुपरफास्ट’ म्हणवणारी डाउनलोडर ॲप्स. त्यांतली बरीचशी जादू एवढीच, की एका फाइलसाठी ती एकदम आठ-आठ कनेक्शन उघडतात. एकाच अरुंद वाटेवर प्रत्येक कनेक्शनला ढोबळमानाने सारखा वाटा मिळतो. म्हणजे तुमचं एक, शेजाऱ्याची आठ. नऊतले आठ वाटे त्याचे, आणि नियम कुणीच मोडलेला नाही.

तेव्हा हॉस्टेलच्या वायफायवर लेक्चर अडकलं, तर नेटवाल्याला फोन लावायच्या आधी जरा रूममेटच्या मोबाईलमध्ये डोकवा. पुढच्या भागात डीएनएस. भेटूच!