उतरत्या पाण्यातला स्टीलहेड

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसाळा हिवाळ्यात येतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रशांत महासागरावरून एकामागून एक वादळं धडकतात, नद्या काही तासांत दुथडी भरतात, आणि याच दिवसांत स्टीलहेड समुद्रातून गोड्या पाण्यात चढतो. हा मासा म्हणजे रेनबो ट्राउटच. काश्मीर-हिमाचलमध्ये पाळला जातो तोच, शास्त्रीय नावही एकच: ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. फरक आहे तो जीवनक्रमाचा. स्टीलहेडची पिल्लं साधारण दोन वर्षं नदीत काढतात, मग समुद्रात जातात, तिथे एक ते तीन वर्षं वाढतात आणि विणीसाठी बहुधा आपल्या जन्मनदीतच परततात. पूर येऊन गेल्यावर हा मासा गळाला कधी आणि का लागतो, याविषयी नदीकाठी अनेक समजुती आहेत. त्यातल्या बऱ्याचशा एकाच चुकीतून निघालेल्या दिसतात. पाणी किती उंच, किती गढूळ, किती थंड, एवढंच विचारलं जातं. ते चढतंय की उतरतंय, निवळतंय की आणखी गढुळतंय, तापतंय की गारठतंय, हे विचारायचं राहून जातं. माशाचं वागणं बरंचसं या बदलावर ठरतं, आणि तो बदल लक्षात घेतला की एकेक समज तपासून पाहता येतो.

सर्वांत जुना समज असा की पुराचा लोंढा मासे समुद्रात ढकलून देतो आणि पुढचे कित्येक दिवस नदी रिकामी असते. वरून पाहिलं तर तसं वाटणं साहजिक आहे. तपकिरी पाण्यातून अख्खी झाडं वाहत जात असताना तिथे कुणी तग धरेल, यावर विश्वास बसत नाही. पण पाण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. तळाशी दगडगोट्यांचं घर्षण असतं, तिथे प्रवाह मंदावतो. काठालगत, वळणाच्या आतल्या बाजूला, बुडालेल्या झुडपांच्या आडोशाला तर पाणी जवळपास थांबलेलं असतं. पूर आला की स्टीलहेड मधली धार सोडून या कडेच्या पाण्यात सरकतो. ऐन पुरात किंवा पूर नुकताच ओसरू लागला असताना नदीच्या मधोमध लांबवर गळ फेकणारे लोक अनेकदा मासा असतो त्याच्या पलीकडे फेकत असतात. मासा त्यांच्या पायांपासून दोन-तीन मीटरवर, गुडघाभर पाण्यात असू शकतो. पाणी उतरू लागलं, दिसू लागलं, की तो पुन्हा मधल्या भागात येतो आणि वर निघतो. वाटेत खळाळाच्या वरच्या अंगाला, डोह जिथे उथळ होत संपतो तिथे, दमछाक झाल्यावर थांबतो. माणूस चालेल इतक्या वेगाचं आणि फार तर पुरुषभर खोलीचं पाणी शोधावं, असं जाणकार सांगतात ते याचमुळे.

कोकणातल्या वाचकाला इथे चढणीचे मासे आठवतील. पहिल्या जोरदार पावसाने ओहोळ वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध निघतात आणि लोक त्या गढूळ पाण्यातच जाळी घेऊन उतरतात. पाऊस, चढतं पाणी आणि वीण यांचं नातं दोन्हीकडे आहे, म्हणून स्टीलहेडही पुराच्या ऐन जोरातच मिळत असणार, असा अंदाज सहज बांधला जातो. पण चढणीचे मासे थोड्या अवधीत उथळ पाण्यात पोचून अंडी घालतात. स्टीलहेडपुढे कित्येक किलोमीटरची मोठी नदी असते आणि हाताशी काही आठवडे असतात. तो पुराचा उपयोग नदीत शिरण्यासाठी करतो, लहान नद्यांच्या मुखावरचा वाळूचा बांध फुटण्याचीही वाट पाहतो. पुढचा प्रवास मात्र बराचसा ओसरत्या पाण्यात होतो. पाणी चढायला लागल्यावरच्या पहिल्या एक-दोन तासांतही मासे लागतात, असा आक्षेप अनुभवी लोक घेतात आणि तो खरा आहे. तेव्हा मासा हलू लागलेला असतो आणि पाणी अजून पुरतं गढुळलेलं नसतं. पण ही संधी लवकर सरते, तरंगत्या ओंडक्यांमुळे पाण्यात उभं राहणं जिवावर बेतू शकतं, आणि ओसरत्या पाण्यातल्या दोन-चार दिवसांची सर तिला येत नाही.

मग पूर ओसरल्यावर किती दिवसांनी जायचं? तीन दिवस थांबा, असा सल्ला सरसकट दिला जातो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्मिथ आणि ईल या दोन नद्या शेजारीशेजारी ठेवल्या की त्या सल्ल्यातली खोट दिसते. एकच वादळ दोन्हींवर बरसतं. स्मिथच्या खोऱ्यात काही भागांत वर्षाला अडीच मीटरहून जास्त पाऊस पडतो, पण क्लॅमथ पर्वतातला तिचा खडक कठीण आहे आणि मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. ती झपाट्याने चढते, झपाट्याने उतरते, आणि बऱ्याचदा एक-दोन दिवसांत पुन्हा हिरवी होते. ईलचं खोरं स्मिथच्या पाचपट मोठं आणि ठिसूळ, चुरडलेल्या खडकाचं. त्यात विसाव्या शतकातली जंगलतोड आणि डोंगरउतारांवर खोदलेले रस्ते यांची भर पडली. गाळ वाहून नेण्यात ती अमेरिकेतल्या अग्रगण्य नद्यांपैकी आहे, आणि मोठ्या पावसानंतर तिचा खालचा भाग आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ चहाच्या रंगाचा राहू शकतो. वाळू लवकर खाली बसते. चिकणमातीचे सूक्ष्म कण मात्र पाण्याचा जोर ओसरल्यावरही तरंगत राहतात. म्हणजे थांबायचं किती हे कॅलेंडरला विचारून चालत नाही. त्या नदीच्या खोऱ्यात कुठला दगड आहे, कुठे दरड कोसळली आहे, कुठली उपनदी आधी निवळते, हे माहीत असावं लागतं. खालचा प्रवाह मातकट असतानाही वरच्या उपनदीत गळ टाकण्याजोगं पाणी असू शकतं.

इथे मापनकेंद्रांच्या आकड्यांविषयीचा नवा समज येतो. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था शेकडो नद्यांची पातळी आणि विसर्ग मोजून इंटरनेटवर देते. विसर्ग तिथेही घनफूट प्रतिसेकंदात, म्हणजे आपल्याकडे धरणांच्या बातम्यांत येणाऱ्या क्युसेकमध्येच असतो. एखाद्या नदीचा ‘चांगला आकडा’ पाठ करून ठेवला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण समजा, नदी चढताना आठ हजार क्युसेकवर आहे आणि तीन दिवसांनी उतरतानाही तिथेच आली. आकडा तोच, नदी वेगळी. चढत्या पाण्यात उतारांवरची सैल माती, रस्त्यांवरचा चिखल, पात्रात आधी साचलेला गाळ असं सगळं एकदम उचललं जातं. उतरत्या पाण्यात सहज वाहून जाणारा माल बराचसा संपलेला असतो आणि जमिनीत मुरलेलं स्वच्छ पाणी प्रवाहात मिसळू लागतं. म्हणून बहुतेक नद्यांत त्याच विसर्गाला उतरतं पाणी जास्त नितळ असतं. आकड्यापेक्षा आलेखाचा कल पाहणं शहाणपणाचं, आणि तरीही काठावर उभं राहून आपले बूट किती खोलीपर्यंत दिसतात हे बघण्याला पर्याय नाही.

पाणी जितकं नितळ तितकी मासेमारी चांगली, हाही समज तितकाच पक्का आहे. स्टीलहेडमागे वर्षानुवर्षं जाणारे लोक ज्या पाण्याची वाट पाहतात ते काचेसारखं नसतं. ते फिकट हिरवं असतं आणि त्यात साधारण अर्धा ते सव्वा मीटर खोलपर्यंत दिसतं. एवढ्या पाण्यात माशाला आमिष दिसतं, पण वरून येणारा धोका अंधुक राहतो, म्हणून तो निर्धास्त असतो. पाणी पूर्ण निवळून खाली गेलं की तो बुजरा होतो, खोल डोहात किंवा फेसाळ धारेखाली दडतो. गढूळ पाण्यातही तो अगदी हतबल नसतो. वासाची त्याची जाण तीव्र आहे, आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातली हालचाल कळते. जिथे परवानगी आहे तिथे गाबोळीचं आमिष दाटसर पाण्यात चालतं ते त्यामुळेच. हिवाळ्यात चढणारा स्टीलहेड जवळपास विणीला तयार होऊनच येतो आणि नदीत फारसं खात नाही, हे खरं आहे. पण न खाणारा मासा गळाला लागणारच नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्रवाहातून वाहत येणारं तोंडात धरायची पिल्लूपणापासूनची सवय आणि जागा राखण्याची आक्रमकता अशी कारणं दिली जातात. त्यातलं नेमकं कोणतं, यावर अजून वाद आहे. तापमानाबद्दल एवढंच: चार-पाच अंश सेल्सिअसखाली मासा मंदावतो. त्यामुळे नैर्ऋत्येकडून आलेल्या उबदार पावसानंतरचं ओसरतं पाणी आणि पावसापाठोपाठ कडाक्याची थंडी पडलेलं ओसरतं पाणी, दोन्ही दिसायला सारखी हिरवी असली तरी मासा सारखा वागत नाही.

आता ज्या गैरसमजाने खरं नुकसान होतं, त्याकडे येतो. पुरानंतरच्या आठवड्यात भरपूर मासे लागले म्हणजे नदीत मासे भरपूर आहेत, असं मानलं जातं. वरचं सगळं विवेचन नेमकं याच्या उलट सांगतं. कित्येक दिवस गळ टाकणं अशक्य असतं, नंतर मासा ठरावीक पाण्यात एकवटतो, हालता असतो, आणि सगळे मच्छीमार त्याच दोन-चार दिवसांत तिथे येतात. संख्या निम्म्यावर आली तरी त्या दिवसांचा अनुभव फारसा बदलणार नाही. ईलचे स्टीलहेड ज्या उत्तर कॅलिफोर्निया गटात मोडतात, तो गट २००० साली संघराज्याच्या कायद्याखाली संकटग्रस्त ठरवला गेला. सिअ‍ॅटलजवळच्या प्युजेट साउंडमधल्या गटावर ती पाळी २००७ मध्ये आली. नदीत किती मासे आले याचा अंदाज अंड्यांची घरटी मोजून, सोनार लावून, पाण्यात बुडून गणती करून घेतात. मिळालेल्या मासळीवरून तो बांधणं धोक्याचं आहे. आम्ही पकडून सोडून देतो, मग काय बिघडतं, असा प्रश्न येतो. थंड पाण्यात नीट हाताळून सोडलेले बहुतेक मासे जगतात, हे मान्य केलंच पाहिजे, आणि मासेमारी सरसकट बंद करा असं इथे म्हणणं नाही. पण फोटोसाठी माशाला पाण्याबाहेर धरणं, कल्ल्यांना हात लावणं, तोच मासा दोन-तीनदा पकडला जाणं, याची किंमत असते. वॉशिंग्टन राज्यात सोडून द्यायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलणंच बेकायदा आहे. उबवणी केंद्रातला मासा ओळखायची खूण साधी आहे: शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो छोटा मांसल पर असतो, तो त्याच्या लहानपणीच कापलेला असतो. तो पर शाबूत दिसला तर मासा नैसर्गिक समजून सोडायचा.

स्टीलहेड अंडी घातल्यावर मरतोच, ही सॅमनवरून उचललेली कल्पना आहे. बरेच मरतात, पण काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा विणीला येतात. मार्चनंतर खाली उतरणारे हे रोडावलेले मासे भुकेले असतात, गळाला चटकन लागतात, आणि ‘याचा आता काय उपयोग’ म्हणून हेळसांडीने हाताळले जातात. पूर अंडी धुऊन नेतो ही भीतीही सॅमनच्या बाबतीत जास्त खरी आहे, कारण तो शरदात अंडी घालतो. हिवाळी स्टीलहेडची बरीचशी वीण मोठ्या पुरांचे महिने सरल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात होते. तरीही पुराचा फटका पिढ्यांवर बसू शकतो. २३ डिसेंबर १९६४ रोजी स्कोशिया इथे ईलचा विसर्ग ७,५२,००० क्युसेकवर गेला. जंगलतोड झालेल्या उतारांवरून त्या पुराने आणलेल्या गाळाने डोह भरले, पात्र रुंद आणि उथळ झालं, आणि पुढची कित्येक दशकं माशांचं घर बिघडलेलं राहिलं.

ओसरण्यालाही शेवट असतो. पाऊस लांबला की तेच पाणी उतरत उतरत इतकं खाली जातं की मासे थोड्याशा डोहांत अडकून पडतात आणि कुणालाही सहज दिसतात. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नद्यांसाठी त्याकरिता वेगळा नियम आहे. ठरलेल्या मापनकेंद्रावरचा विसर्ग ठरलेल्या आकड्याखाली गेला की मासेमारी बंद होते आणि पुरेसा पाऊस होऊन नदी पुन्हा चढल्यावरच खुली होते. निघण्यापूर्वी वन्यजीव खात्याच्या दूरध्वनी क्रमांकावर त्या दिवशी नदी खुली आहे का, हे विचारून घेणं ज्याची त्याची जबाबदारी असते.