बायकांचा तुरुंग: सीरिजमधली शिक्षा आणि आपल्याकडची तारीख

(या भागाचं लिखित रूप. बोलता बोलता झालेलं थोडं इकडचं तिकडचं काढलंय, बाकी भाषा तशीच ठेवलीये.)

नाशिकहून बोलतेय. आजचा विषय आहे बायकांच्या तुरुंगावरच्या सीरिज. त्या बघून आपल्या डोक्यात जेलचं जे चित्र तयार होतं, ते आपल्याकडे कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही, ते बघूया.

'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. २०१३ ते २०१९, सात सीझन. तिची नायिका पायपर जेलमध्ये जाते तेव्हा तिला पंधरा महिन्यांची शिक्षा झालेली असते. म्हणजे खटला संपलाय, आकडा ठरलाय, आता फक्त दिवस मोजायचे. ऑस्ट्रेलियाची 'वेंटवर्थ' मात्र वेगळी सुरुवात करते. तिथली बी स्मिथ आत येते तेव्हा तिचा निकाल लागायचाच असतो. आपल्याकडे बहुतेकींचं असंच असतं.

आपल्या तुरुंगांत दोन प्रकारचे लोक असतात. ज्यांना शिक्षा झालीये ते पक्के कैदी. ज्यांचा खटला अजून चालू आहे ते कच्चे कैदी, म्हणजे न्यायाधीन बंदी. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची. चारातले तीन! बायका होत्या २३,७७२, म्हणजे शंभरात साधारण चार. संख्या कमी, म्हणून लक्षही कमी.

कच्च्या कैद्याला मोजायला दिवसच नसतात. असते फक्त तारीख. आजची तारीख गेली की पुढची. वकील आला नाही, साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. हे वाट बघणं पडद्यावर दाखवणं फार अवघड.

ते बऱ्यापैकी जमवलं २०२३ च्या 'स्कूप'ने. हंसल मेहतांची सहा भागांची हिंदी सीरिज, करिश्मा तन्ना मुख्य भूमिकेत. तिचा आधार म्हणजे पत्रकार जिग्ना व्होरा यांचं भायखळ्याच्या तुरुंगातल्या दिवसांवरचं पुस्तक. पत्रकार जे. डे यांची जून २०११ मध्ये पवईत हत्या झाली. त्या प्रकरणात व्होरा यांना नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाली, मोक्का लागला. जामीन मिळाला जुलै २०१२ मध्ये. आणि निर्दोष सुटका? मे २०१८ मध्ये. म्हणजे आत गेलेले महिने गेलेच, वर कपाळावरचा शिक्का पुढे सहा वर्षं तसाच.

आता विचार करा, त्या शहरातल्या पत्रकार होत्या, त्यांच्याकडे वकील होता. खेड्यातून आलेल्या बाईचं काय? जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, त्याची कागदपत्रं लागतात. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, आणि ते मुलाकातीलाही येत नाहीत. मग कोर्टाने दार उघडलंय आणि बाई आतच. माझ्या मते आपल्याकडच्या बायकांच्या तुरुंगाची खरी गोष्ट ही आहे. मारामारी नाही, गँग नाही. आपलं म्हणणारं बाहेर कुणी आहे का, एवढाच प्रश्न.

नाशिकरोडचा तुरुंग आपल्याला माहीत असतो तो कैद्यांनी केलेल्या गणेशमूर्तींमुळे, आणि साने गुरुजींनी १९३३ मध्ये तिथे 'श्यामची आई' लिहिली म्हणून. आईवरचं आपलं इतकं लाडकं पुस्तक तुरुंगात लिहिलं गेलं, पण तुरुंगातल्या आईबद्दल आपण बोलतच नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं. सहा वर्षं पूर्ण झाली की त्याला बाहेर जावं लागतं. ते कुणाकडे जाणार, हे पुन्हा बाहेरच्या माणसांवरच.

कायदा अगदीच गप्प नाहीये. १९८३ मध्ये पत्रकार शीला बरसे यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रासाठी सांगितलं की बायकांना वेगळ्या कोठडीत ठेवा, पहारा महिला पोलिसांचा ठेवा आणि चौकशी त्यांच्यासमोरच करा. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे बीएनएसएसच्या कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्यासाठी तुरुंग अधीक्षकाने स्वतः कोर्टात अर्ज करायचा आहे. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले असले तरी नाही.

आणि हे मात्र मोबाइलमध्ये सेव्ह करूनच ठेवा. १९८७ च्या कायद्यानुसार कुठल्याही बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. नाशिकमध्ये त्यासाठी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. हेल्पलाइन १५१००.

पुढची जेल सीरिज बिंज करायला बसाल तेव्हा नायिकेच्या मारामारीपेक्षा एका गोष्टीकडे बघा: तिला भेटायला कोण येतं? आणि ओळखीतली एखादी बाई अशा फेऱ्यात सापडली, तर "आपल्याला काय करायचंय" म्हणण्याआधी तिच्या घरच्यांना हा नंबर द्या. भेटू पुढच्या भागात!