परभणीच्या पेठेवर पहिला हक्क पायांचा

गांधी पार्क, शिवाजी चौक, कच्छी बाजार, गुजरी बाजार, क्रांती चौक, नानलपेठ ही परभणीच्या जुन्या बाजारपेठेची ओळखीची ठिकाणे. गेल्या सव्वाशे वर्षांत या पेठेने निजामी राजवट पाहिली, 17 सप्टेंबर 1948 ची मुक्ती पाहिली, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालेले पाहिले आणि 2011 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिकाही झालेली पाहिली. या काळाचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पेठ वाढवली ती पायी येणाऱ्या गिऱ्हाइकाने, आणि अलीकडच्या काही दशकांत तिथे सर्वांत कमी जागा उरली तीही त्याच्याचसाठी. ती जागा त्याला परत मिळाली पाहिजे. त्यात व्यापाऱ्यांचेही हित आहे.

1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग झाला आणि परभणीला दूरच्या बाजारांशी जोडणारी वाट मिळाली. पुढे एसटी आली. रेल्वे स्थानक आणि बसस्थानक जवळजवळच असल्याने जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडचा माणूस गाडीतून उतरला की चालत पेठेत येऊ शके. लग्नाचा बस्ता घ्यायचा तर वरमाय, करवल्या, काका, मामा असे अख्खे घर सोबत येई. कापडाच्या दुकानात तासन्‌तास बैठक, मग बांगड्या, भांडी, सराफा. मध्येच चहा आणि घासाघीस. कापसाचा पैसा हाती आला की बस्ते, पोळ्याच्या आधी बैलांचा साज, मृगाच्या तोंडावर शेतीची खरेदी, अशी गर्दी हंगामाप्रमाणे बदले. एका खरेदीतून दुसरी सुचते, दोन दुकानांतले भाव ताडून पाहता येतात, हे सगळे चालणाऱ्यालाच शक्य असते. दुकाने एकमेकांना खेटून असण्यामागचा व्यवहारही हाच आहे.

1991 नंतर हप्त्यावर दुचाकी घेणे सोपे झाले, मग चारचाकी आली. रस्त्यांची रुंदी मात्र जुनीच राहिली. दारात दिवसभर उभी असलेली एक मोटार दहा-बारा चौरस मीटर जागा अडवते. तेवढ्यात दोन-तीन हातगाड्या सहज मावतात. तरीही कोंडीचा ठपका आधी हातगाडीवाल्यावर येतो. 2014 च्या फेरीवाला कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद केली. 2011 च्या जनगणनेतील तीन लाख सात हजारांच्या परभणीला हे प्रमाण लावले तर आकडा साडेसात हजारांच्या वर जातो. म्हणजे गाडेवाल्यांची सोय लावणे ही मेहेरबानी नसून कायद्याने सांगितलेले काम आहे.

पेठेतले रस्ते दिवसा वाहनांसाठी बंद करून पायी चालणाऱ्यांना द्यावेत असे म्हटले की तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की वाहने अडवली तर गिऱ्हाईक तुटेल. पण आजही दुचाकी लावून शेवटी पायीच फिरावे लागते. वाहनतळ पेठेच्या कडेला नेल्याने चालणे थोडेच वाढेल, दारातली अडचण मात्र बरीच कमी होईल. दुसरा आक्षेप मालवाहतुकीचा, आणि तो रास्त आहे. त्यासाठी सकाळची आणि रात्रीची वेळ राखून ठेवता येते. दिल्लीच्या चांदणी चौकात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी घालण्याची पद्धत स्वीकारली गेली, तीही याच धर्तीची. तिसरा आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या शहरात चालणार कोण? कोपनहेगनने 1962 मध्ये आपली मुख्य बाजारपेठ पादचाऱ्यांसाठी राखली तेव्हा तिथे थंडीचे कारण पुढे केले गेले होते. हवामान अडचणीचे असेल तर सोयी वाढवायच्या असतात. इथे त्या सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि बसायला ओटे या आहेत. वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी ठरावीक जागेपर्यंत रिक्षा येऊ द्यावी.

पुण्यात 11 डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवण्याची प्रथा 2021 पासून सुरू झाली. परभणीने निदान आठवड्यातला एक दिवस एका रस्त्यावर हा प्रयोग करावा, व्यापारी आणि गाडेवाले दोघांची विक्री नोंदवावी आणि त्या आकड्यांवर पुढचे ठरवावे. घरबसल्या मोबाइलवर वस्तू मागवता येते अशा काळात पेठेजवळ उरलेले बळ म्हणजे वस्तू हाताळून पाहण्याची, भाव करण्याची आणि सहकुटुंब फिरण्याची मुभा. ती टिकवायची तर आधी नीट चालता आले पाहिजे.