पोचलीस की कळव

पहाटे 5:30

जाग येते ती थंडीने. जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि ॲरिझोनाचं वाळवंट. दुपारी स्वेटर नकोसा होतो, पहाटे पांघरुणाबाहेर पाय काढवत नाही. उठले की मी आधी बॅटरीचा आकडा बघते आणि मग चहाचं आधण ठेवते. आज 58 टक्के. आमच्या 25 फुटी मोटरहोममधला हीटर जळतो प्रोपेनवर, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो, आणि गार रात्री सगळ्यात जास्त वीज तोच खातो. 58 म्हणजे सकाळचं काम निभेल. सूर्य वर आला की छतावरची 400 वॅटची सोलर पॅनेलं आपलं काम सुरू करतील.

आम्ही आहोत क्वार्टझसाइट गावाबाहेर, ला पोसा नावाच्या सरकारी माळरानावर. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात परवाना काढून इथे महिनोन्‌महिने राहता येतं. जागेवर ना नळ ना विजेचा खांब. पाणी भरायची आणि सांडपाणी ओतायची सोय एका ठिकाणी आहे, गाडी घेऊन तिथे जायचं. हे निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. माझं काम अजून चालू आहे, दोन लहान दवाखान्यांचे हिशेब बघते. वर्षातले सात-आठ महिने आम्ही असे रस्त्यावर असतो.

सकाळी 7:00

मिरजेत संध्याकाळचे साडेसात. ॲरिझोनात, नवाहो लोकांचा मुलूख सोडला तर, घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे भारताशी फरक बाराही महिने साडेबारा तासांचा. मला हे फार आवडतं. भिंतीवर एकच घड्याळ पुरतं: काट्यांत अर्धा तास मिळवायचा आणि दिवसाची रात्र करायची, की आईची वेळ हाताशी.

आई चौऱ्याऐंशीची आहे. दिवा लावून झाला की ती खुर्ची ओढून बसते आणि वहिनी तिच्यासमोर फोन धरते. आज मात्र दोन वाक्यं झाली नाहीत तोच तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला आणि आवाज विहिरीतून यावा तसा यायला लागला. माझ्या फोनवर सिग्नलच्या रेघा पूर्ण होत्या. इथे नवी आलेली माणसं या रेघांवर विश्वास ठेवून फसतात. रेघा सांगतात की टॉवर तुम्हाला ऐकू येतोय. त्या टॉवरपाशी आणखी किती जण रांगेत उभे आहेत, ते रेघा सांगत नाहीत. एरवी दोन-अडीच हजार वस्तीचं हे गाव. जानेवारीत इथे आरव्हींची, म्हणजे आमच्यासारख्या चाकांवरच्या घरांची, मोठी जत्रा भरते आणि माळावर नजर जाईल तिथवर पांढरी छपरं दिसतात. टॉवर तेवढेच, आणि पहाटे उठलेली सगळी माणसं त्यांच्याशीच बोलायला बघणार.

चित्र बंद केलं, नुसता आवाज ठेवला. आवाजाला वाट थोडी पुरते.

"आई, आज आम्ही मुक्काम हलवतोय. दुपारी बारानंतर माझा फोन लागायचा नाही. पोचेन तेव्हा तू गाढ झोपेत असशील, तेव्हा उद्या सकाळी दहाला करते, तुझी पूजा झाल्यावर."

"पोचलीस की कळव," आई म्हणाली.

1985 मध्ये मी कॉलेजसाठी मुंबईला निघाले, तेव्हा मिरज स्टेशनवर महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या खिडकीशी उभी राहून ती हेच म्हणाली होती. सोबत पत्ता लिहून तयार केलेली दहा पोस्टकार्डं दिली होती. मी फक्त "सुखरूप पोचले" एवढं लिहायचं होतं.

सकाळी 7:45

कामाला बसायचं म्हणजे आधी नेट उभं करायचं. हे शब्दशः. ह्यांनी स्टारलिंकची, म्हणजे उपग्रहावरून नेट देणारी, डिश गाडीपासून वीस पावलांवर तिच्या पायावर ठेवली, उत्तरेकडे कललेली, आणि केबल दगडांच्या कडेने आणली, म्हणजे कुणाच्या पायात यायला नको. चार-पाच मिनिटांत तिला आकाश सापडलं.

चार वर्षांत आमची एक उतरंड ठरून गेली आहे. रोजच्या साध्या कामाला फोनचं सिम, तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं, कारण एका दरीत एकाचा टॉवर असतो तर दुसऱ्या दरीत दुसऱ्याचा. सिग्नल अशक्त असेल तर छतावरचा अँटेना. टॉवरच नसेल किंवा आजच्यासारखा गर्दीने बसला असेल तर डिश. हे तिन्ही हरले की जवळच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. अमेरिकेतल्या बऱ्याच लहान गावांतही वाचनालय असतं, दार ढकलून आत जावं, कुणी काही विचारत नाही. त्या टेबलांवर बसून मी कितीतरी पगारपत्रकं केली आहेत.

कॅम्पग्राउंडचं वायफाय या उतरंडीत मी धरतच नाही. मुक्कामाच्या पाटीवर "मोफत वायफाय" लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण गावाबाहेर आलेली एक लाइन शंभर-सव्वाशे गाड्यांत वाटली जाते, त्यात आपल्या गाडीचा पत्रा सिग्नल बाहेरच अडवतो, आणि जेवणं आटोपून सगळे सिनेमा लावून बसले की साधी ई-मेलही सरकत नाही. पहाटे पाचला मात्र तेच वायफाय छान चालतं. पहाटे उठणाऱ्यांसाठी आहे ते.

मग डिशच सतत का नाही लावून ठेवत, असं लोक विचारतात. ती ताशी 75 वॅट-तासांच्या घरात वीज घेते. दिवसभर चालू ठेवली तर हिवाळ्यातल्या उन्हाची बरीचशी कमाई तीच खाऊन टाकेल आणि रात्री हीटरच्या पंख्याला उरणार नाही. आमच्याकडे नेट आणि ऊब एकाच डब्यातून वाढायची असते.

31 जानेवारीपर्यंत प्रत्येक मालकाला आपल्या नोकरांच्या हाती वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद द्यावा लागतो, त्यामुळे हा आठवडा माझ्यासाठी परीक्षेचा. आज एका दवाखान्याचे सगळे कागद तपासून झाले. एका बाईंच्या आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. पाठवायचे संध्याकाळी.

सकाळी 11:15

आवराआवर. खिडक्या, कपाटांच्या कड्या, गॅस बंद. चहाची किटली सिंकमध्ये, नाहीतर पहिल्याच वळणावर जमिनीवर येते. डिश शेवटी काढायची, कारण निघण्यापूर्वी हवामान आणि रस्ता एकदा बघून घ्यायचा असतो.

मग टाक्या. हातमोजे घालून नळी जोडायची. आधी शौचालयाची टाकी रिकामी करायची आणि मग आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळीही धुऊन निघते. हे काम हे करतात. मी गोडं पाणी भरते, 40 गॅलन, सुमारे दीडशे लिटर. लहानपणी पाणी सुटलं की हंडे, कळशा, पिंप असं भरायचो. तो सराव अंगात असल्यामुळे दीडशे लिटर आम्हाला पाच दिवस जातं.

दुपारी 1:30

दहा नंबरच्या महामार्गाने पूर्वेला, मग 85 नंबरने दक्षिणेला. जायचंय ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटला, मेक्सिकोच्या हद्दीवर. सगळं मिळून 200 मैल. गिला बेंडला पेट्रोल भरलं आणि आईला नाही, वहिनीला मेसेज टाकला: "आता सिग्नल जाईल." मिरजेत रात्रीचे दोन वाजले होते. ती सकाळी वाचेल.

गिला बेंडच्या पुढे रस्ता हवाई दलाच्या सरावाच्या रानातून जातो. दोन्ही बाजूंना काटेरी ओसाडी, मधूनच डोक्यावरून एखादं विमान. फोनच्या रेघा एकेक करून मावळतात.

हा मेसेज टाकायला आम्ही शिकलो त्याची किंमत मोठी होती. तीन वर्षांपूर्वी ऑरेगनच्या किनाऱ्याजवळ देवदारासारख्या उंच झाडांच्या रानात आम्ही उतरलो. टॉवर नव्हता. डिश लावली, पण झाडांनी आकाशच ठेवलं नव्हतं, दर अर्ध्या मिनिटाला जोडणी तुटायची. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणून मी सोडून दिलं. जागा सुंदर होती, पाऊस पडत होता, मी पुस्तक वाचत बसले. तिसऱ्या दिवशी महामार्गावर आलो आणि फोनवर भावाचे एकोणीस कॉल. आई दोन रात्री झोपली नव्हती. जेवायला बसायची आणि फोन वाजल्यासारखं वाटून उठायची. मी रडत रडत फोन केला, तर ती एवढंच म्हणाली, "बोलता येणार नसेल तर न येवो. पण आधी सांगून जावं."

तेव्हापासून आम्ही नवी यंत्रं घेतली नाहीत, एक शिस्त घेतली. फोन लागत नसल्याची धास्ती नसते, तो कधीपर्यंत लागणार नाही हे माहीत नसल्याची असते. त्यामुळे सिग्नल असतानाच सांगायचं: कुठे चाललोय, किती वेळ गप्प असू, पुन्हा कधी बोलू. ती वेळ पाळायचीच, त्यासाठी पन्नास मैल मागे यावं लागलं तरी. दोनदा तसे आलोही आहोत.

दुपारी 3:00

एक गाव लागतं. नकाशावर इंग्रजीत लिहिलेलं बघून आम्ही त्याला पहिल्या वर्षी "अजो" म्हणत होतो. उच्चार आहे "आहो". स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ लसूण. तांब्याच्या खाणीवर वसलेलं गाव, खाण 1985 मध्ये बंद पडली. पांढऱ्या कमानींचा चौक अजून देखणा आहे. मी ह्यांना "अहो, आहो आलं" म्हटलं आणि ह्यांनी हसून गाडीचा वेग कमी केला. पुढे दहा मैलांवर दोन रस्ते इंग्रजी वाय अक्षरासारखे मिळतात, म्हणून त्या वस्तीचं नाव व्हाय. आहो आणि व्हाय: मराठी माणसाला हा रस्ता कधीच परका वाटायचा नाही.

चौकात थांबून मी फोन बघितला. दोन रेघा. त्या तशाच सोडून दिल्या, काही पाठवायचं नव्हतं.

दुपारी 4:10

ट्विन पीक्स कॅम्पग्राउंड. जागा तीन महिन्यांपूर्वी राखून ठेवली होती. ह्यांच्याकडे 62 वर्षांवरच्यांना मिळणारा कायमचा पास आहे, त्याने केंद्र सरकारच्या अशा मुक्कामाचं भाडं निम्मं होतं. इथेही विजेचा खांब नाही, आणि जनरेटर ठरलेल्या वेळीच लावायचा.

गाडी समपातळीत आणायला मागच्या डाव्या चाकाखाली दोन ठोकळे लागले. मी बाहेर उभी राहून हाताने खुणा करते, हे आरशात बघून इंच इंच सरकतात. या कामात आम्ही एक शब्द बोलत नाही. सुरुवातीला फार बोलायचो आणि भांडायचो.

उतरले आणि फोन थरथरला: मेक्सिकोत आपलं स्वागत आहे. हद्द इथून पाच मैलांच्या आत. आपला टॉवर डोंगराआड, पलीकडचा समोर, म्हणून फोन बिचारा जो दिसेल त्याचा हात धरतो. बाहेरच्या देशाचं रोमिंग आधीच बंद करून ठेवलेलं बरं, नाहीतर अंगणात बसून परदेशच्या दराने बोलणं होतं.

मग डिश. इथे झाडं नाहीत, सग्वारो आहेत: चाळीस-चाळीस फुटी निवडुंग, हात वर करून उभे. ॲपने दाखवलं की आकाशाच्या एका पट्ट्यात काहीतरी आडवं येतंय. बघितलं तर सग्वारोचा एक हात. सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं जातात. डिश आम्ही सरकवली, पंधरा फूट पूर्वेला. उपग्रह सारखे सरकत असतात, 550 किलोमीटर उंचीवरून. एक मावळेपर्यंत डिशने दुसरा धरलेला असतो. मध्ये हात आला की तेवढा क्षण हातातला धागा सुटतो, आणि बोलण्यातला नेमका एखादा शब्द हरवतो.

संध्याकाळी 5:15

कागद पाठवले. पोच आली. लॅपटॉप मिटला.

शेजारी मिनेसोटाहून आलेलं एक वयस्कर जोडपं आहे. त्यांच्या नातवाला आज शाळेत बक्षीस मिळालं होतं, पण व्हिडिओ उतरत नव्हता. ह्यांनी त्यांना आमच्या नेटवर घेतलं. ती आजी फोन डोळ्यांशी धरून उभीच राहिली, संपला की पुन्हा पहिल्यापासून. पाठीमागे आहोचे डोंगर गुलाबी झाले होते. नंतर ती आजी एका डब्यात लिंबू घालून केलेला केक देऊन गेली.

संध्याकाळी 7:30

पिठलं, ज्वारीची भाकरी, केक. ज्वारीचं पीठ फिनिक्सच्या भारतीय दुकानातून भरून घेतो. भांडी आधी कागदाने पुसायची, मग थोड्या पाण्यात धुवायची. हे बाहेर खुर्ची टाकून तारे बघत बसले. इथे दिवे इतके थोडे की मृग नक्षत्राच्या आतल्या बारीक चांदण्याही मोजता येतात.

रात्री 9:30

बॅटरी 71 टक्के. मिरजेत सकाळचे दहा.

आज चित्र स्वच्छ होतं. आईच्या कपाळावरचं गंध अजून ओलं दिसत होतं. पूर्वी उपग्रहाचा फोन म्हटला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायची, कारण तो उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर असायचा आणि शब्दाला जाऊन यायला वेळ लागायचा. आता आईचा हुंकारही वेळेवर येतो.

"पोचलीस?"

"पोचले, आई. सुखरूप."

"काय जेवलात?" तिने विचारलं. मग ह्यांची तब्येत, मग तिथे पाणी आहे का. पाणी आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं. मी फोन खिडकीशी नेऊन तिला सग्वारो दाखवायला गेले, पण बाहेर काळोख. तिला नुसती काच दिसली आणि काचेत मी.

"उद्या दिवसभर आम्ही पायी डोंगरात जाणार आहोत," मी म्हटलं. "नऊपासून दुपारी तीनपर्यंत फोन नाही. तुझी तेव्हा रात्र. त्याच्या आधी सकाळी सातला बोलते."

"म्हणजे माझे किती?"

"आज संध्याकाळी साडेसात."

"तुझा उद्या आणि माझा आज," आई म्हणाली, आणि वहिनीला कॅलेंडर आणायला सांगितलं. तिने पेन्सिलने तारखेच्या चौकोनात साडेसात लिहिलेलं मला दिसलं. फोन ठेवला. मी डिशची पिन काढली आणि दिवा घालवला.