एका खेळाचा जीर्णोद्धार

ग्रंथ शंभर वर्षे कपाटात पडून राहिला, तरी उजेड आणि डोळे एवढ्यावर तो वाचता येतो. संगणकावरील खेळाचे तसे नाही. ज्या यंत्रासाठी तो रचला, ते कालबाह्य झाले की चकती हाती असूनही खेळ मुका होतो.

'ग्रिम फँडँगो'वर हीच पाळी येऊ पाहत होती. मेक्सिकोतील मृतांच्या दिनाच्या परंपरेवर टिम शेफर यांनी १९९८ साली हा खेळ रचला. मृतात्म्यांच्या चार वर्षांच्या परलोकयात्रेची व्यवस्था लावणारा मॅनी कालाव्हेरा हा त्याचा नायक. समीक्षकांनी तो वाखाणला. विक्री मात्र बेताचीच झाली. २०१३ साली त्याच्या निर्मात्या लुकासआर्ट्समधील खेळनिर्मितीच थांबली.

आपण म्हणाल, खेळच तो, गेला तर गेला! पण गहाळ झालेल्या पोथ्यांसाठी आपण अजून हळहळतो ना?

२०१५ साली शेफर यांच्या डबल फाइन संस्थेने तो नव्या यंत्रांसाठी सिद्ध केला. इंटरनेटवरून तो घरबसल्या उतरवून घेता येतो. पात्रांवर नवा प्रकाश पडला, मेलबर्न सिंफनी ऑर्केस्ट्राने संगीत पुन्हा वाजवले. आणि कळ दाबताच जुने रूपही समोर येते. आम्हांला मोलाची वाटते ती हीच गोष्ट. मूर्तीवर नवा शेंदूर चढवताना त्यांनी मूळ मूर्ती झाकली नाही.